मेंदूची गाठ आणि एमआरआयची साक्ष

मेंदूच्या गाठीवर उपचार चालू असलेल्या माणसाच्या घरात सगळे बेत एमआरआयच्या तारखेभोवती आखले जातात. रिपोर्ट हातात पडला की आधी शेवटची ओळ वाचली जाते. आकार कमी झाला असेल तर औषध लागू पडले आणि वाढला असेल तर सगळे संपले, असा सरळ अर्थ लावला जातो. शिकलीसवरलेली माणसे असाच अर्थ लावतात आणि घाईच्या ओपीडीत अनेक डॉक्टरही तोच लावतात. हा समज उथळ आहे, आणि त्यापायी माणसांचे योग्य उपचार बंद पडतात म्हणून घातकही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. उपचार झालेल्या मेंदूच्या एमआरआयमध्ये निव्वळ गाठ दिसत नसते. गाठ, किरणोपचार, औषधे आणि सूज या सगळ्यांनी मिळून त्या जागेची जी अवस्था केली आहे, ती दिसते. त्यामुळे एका तारखेच्या चित्रावरून उपचार यशस्वी झाला की फसला, हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही. वेगवेगळ्या तारखांची चित्रे, उपचारांचा पूर्ण हिशेब आणि समोर बसलेल्या रुग्णाची तब्येत या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या, तरच ते ठरवता येते. उदाहरण मुख्यतः ग्लायोब्लास्टोमाचे घेतो. प्रौढांच्या मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत आक्रमकही असतो.

१. पांढरे दिसते ते काय असते?

तपासणीच्या मध्यावर रुग्णाच्या हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य सोडतात. सगळे त्याला 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की हे द्रव्य वाहिनीबाहेर पडूच शकत नाही. आक्रमक गाठ मात्र आपल्यासाठी घाईघाईने नव्या वाहिन्या तयार करते आणि त्या कच्च्या असतात. त्यांतून द्रव्य पाझरते आणि टी-१ प्रकारच्या चित्रात ती जागा पांढरी उजळते. ग्लायोब्लास्टोमाचे नेहमीचे चित्र म्हणजे वेडीवाकडी, जाड काठाची पांढरी कडी आणि तिच्या पोटात मेलेल्या पेशींचा काळा भाग.

थोडक्यात, पांढरेपणा ही गळतीची खूण आहे. भिंतीवर ओल दिसली म्हणजे पाणी कुठून तरी झिरपते आहे एवढे नक्की कळते. पण पाइप फुटला, गच्चीला भेग गेली की शेजारच्या न्हाणीघरातून पाणी येते, हे ओलीचा डाग मोजून कळत नाही. मेंदूतही तसेच आहे. किरणांनी रक्तवाहिन्यांना इजा झाली तरी गळती होते, शस्त्रक्रियेच्या जखमेच्या कडेला होते, फिट येऊन गेल्यावरही काही काळ होऊ शकते. या सगळ्या गळत्या फिल्मवर पांढऱ्याच दिसतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जिथे गळती नाही तिथे गाठ नाही, असे मुळीच नाही. पांढऱ्या कडीच्या बाहेर, टी-२ आणि फ्लेअर चित्रांत धुके पसरल्यासारखा उजळ भाग दिसतो. त्यात सूज असते आणि मेंदूत शिरत चाललेल्या गाठीच्या पेशीही असतात. दोन्ही एकाच छटेत दिसतात. म्हणूनच किरणोपचाराची आखणी करताना पांढऱ्या भागाच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटरची जागा धरतात. १९२८ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यचिकित्सकाने अशा रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोलच काढून टाकल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. तरीही आजार परतला. गाठ डोळ्यांना दिसते तेवढीच नसते, हे स्कॅनचा जमाना येण्यापूर्वीच कळून चुकले होते.

२. पट्टीने मोजण्याच्या मर्यादा

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात माणसाचा पहिला सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचा तो होता. म्हणजे हे तंत्र जन्मले तेच मेंदूची गाठ शोधत. पुढे गाठ 'मोजण्या'चे नियम आले. १९९० मध्ये मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले निकष वीस वर्षे जगभर चालले: पांढऱ्या भागाची सर्वांत मोठी लांबी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी यांचा गुणाकार करायचा, तो निम्म्याने किंवा अधिक घटला तर 'प्रतिसाद', २५ टक्के किंवा अधिक वाढला तर 'आजार वाढला'. स्टिरॉइडचा डोस आणि रुग्णाची अवस्था जमेस धरण्याची अटही त्यांनी घातली होती. आकडे सगळ्यांच्या लक्षात राहिले, ही अट मात्र अनेकांच्या रिपोर्टांतून गळाली.

आता हे २५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती, ते पाहू. गाठ ३ बाय ३ सेंटिमीटरची धरली तर गुणाकार ९. त्यात २५ टक्के भर घालून ११.२५ होतात. म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढली की 'आजार वाढला' असा शेरा बसतो. आता असे धरा की गाठ जशीच्या तशी आहे. पहिल्या वेळी मोजणाऱ्याने बाजू १ मिलिमीटर कमी धरली, २.९, दुसऱ्या वेळी दुसऱ्या कुणी अडीच मिलिमीटर जास्त धरली, ३.२५. गुणाकार ८.४ वरून १०.५ च्या पुढे जातो आणि २५ टक्क्यांची वेस ओलांडतो! रुग्णाचे डोके यंत्रात किंचित वेगळ्या कोनात टेकवले गेले, काप ५ मिलिमीटर जाडीचे घेतले, वेडीवाकडी कड कुठून धरायची यावर दोघांचे मत वेगळे पडले, तर एवढा फरक सहज पडतो.

आणि स्टिरॉइड. डेक्सामेथासोन ही गोळी गळक्या वाहिन्या आवळते. डोस वाढवला की काही दिवसांत पांढरेपणा आणि सूज दोन्ही उतरतात, कमी केला की पुन्हा दिसू लागतात. गाठीच्या पेशी तेवढ्याच असतात. दोन स्कॅनच्या मधल्या काळात डोस बदलला असेल आणि रेडिओलॉजिस्टला ते कुणी सांगितलेच नसेल, तर त्याची तुलना पहिल्या ओळीपासून चुकते.

३. वाढ दिसते, पण आजाराची नसते

माझ्या मांडणीचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जास्त थांबतो.

२००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांच्या ५७३ रुग्णांवरील चाचणीने ग्लायोब्लास्टोमाचा उपचार बदलून टाकला. सहा आठवडे किरणोपचार, एकूण ६० ग्रे, सोबत रोज टेमोझोलोमाइडच्या गोळ्या आणि त्यानंतर दर २८ दिवसांनी पाच दिवस त्याच गोळ्या. मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. आजही हाच पायाभूत उपचार आहे.

किरणोपचार संपल्यावर साधारण महिन्याभराने पहिला एमआरआय होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास किरणांनी झालेल्या इजेची दाहप्रक्रिया जोरात असते. पांढरा भाग मोठा दिसतो, सूज वाढलेली दिसते. इटलीतल्या अल्बा ब्रँडेस यांच्या गटाने २००८ मध्ये अशा १०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या एमआरआयमध्ये ५० जणांची गाठ वाढलेली दिसली. पुढे पाठपुरावा केल्यावर त्यांपैकी ३२ जणांची वाढ आभासी निघाली. खरा आजार वाढला होता तो १८ जणांचा. म्हणजे 'वाढली' असे ज्यांना सांगावे लागले असते, त्यांतल्या जवळपास दोन-तृतीयांश माणसांच्या बाबतीत ते खोटे ठरले असते.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांच्या गाठीत एमजीएमटी नावाच्या जनुकाचे कळीचे बटण रासायनिकरीत्या बंद झालेले असते, त्यांना टेमोझोलोमाइड जास्त लागू पडते. अशा २३ जणांची गाठ वाढलेली दिसली होती आणि त्यांपैकी २१ जणांची वाढ आभासी होती. बटण चालू असलेल्या २७ जणांपैकी ११ जणांची वाढ आभासी होती. याचा अर्थ असा, की ज्या रुग्णाला औषध सर्वाधिक लागू पडण्याची शक्यता आहे, त्यालाच 'औषध फसले' असे सांगितले जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. आकाराच्या सरळ हिशेबाने चालणारा माणूस नेमका त्याचे औषध थांबवेल.

म्हणून उपचाराचा प्रतिसाद ठरवण्यासाठी २०१० मध्ये आलेल्या 'रानो' या नव्या निकषांनी नियम घातला: किरणोपचार संपल्यापासून पहिल्या बारा आठवड्यांत, किरण दिलेल्या क्षेत्राबाहेर नवी गाठ दिसली किंवा तुकडा तपासून खात्री झाली, तरच आजार वाढला म्हणायचे. २०२३ च्या सुधारित आवृत्तीने तुलनेचा पायाच हलवला: शस्त्रक्रियेनंतरचे चित्र पायाभूत न धरता किरणोपचारानंतर सुमारे चार आठवड्यांनी घेतलेले चित्र धरा आणि पुढची तुलना त्याच्याशी करा. इम्युनोथेरपीसाठी २०१५ मध्येच वेगळे निकष आले होते. तिथे पहिल्या सहा महिन्यांत वाढ दिसली आणि रुग्णाची तब्येत टिकून असली, तर तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढून मग बोला, असे म्हटले आहे. या सगळ्या दुरुस्त्यांची दिशा एकच आहे: निर्णयात काळाला जागा द्या.

४. उतार दिसतो, पण आयुष्य वाढत नाही

उलट्या दिशेची फसगत बेव्हॅसिझुमॅबने दाखवली. हे औषध गाठीच्या नव्या वाहिन्या तयार होण्याची आज्ञाच अडवते आणि असलेल्या वाहिन्यांची गळती थांबवते. पांढरा भाग एक-दोन दिवसांतही फिका पडू शकतो. एवढ्या वेगाने गाठ मरत नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २००९ मध्ये मुख्यतः चित्रातल्या प्रतिसादाच्या आधारावर, पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी त्याला त्वरित मान्यता दिली. युरोपच्या यंत्रणेने त्याच सुमारास ती नाकारली.

२०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच आले. त्यांतल्या एकीत, नव्याने निदान झालेल्या रुग्णांना हे औषध जोडल्यावर आजार वाढण्याआधीचा काळ ६.२ महिन्यांवरून १०.६ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र १६.७ विरुद्ध १६.८ महिने. दुसऱ्या चाचणीतही आयुष्य वाढले नाही. चित्र सुधारले, माणूस तेवढाच जगला. या औषधाचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. सूज उतरते, स्टिरॉइड कमी करता येते, हात-पाय आणि वाचा काही काळ बऱ्या चालतात, आणि रुग्णासाठी ते मोलाचे असते. पण तो लाभ त्याच नावाने सांगितला पाहिजे. फिकट झालेली कडी दाखवून 'गाठ विरघळली' असे नातेवाइकांना सांगणे ही दिशाभूल आहे.

५. 'स्थिर' या शेऱ्यामागची वाढ

सावकाश वाढणाऱ्या, कमी दर्जाच्या ग्लायोमात तिसऱ्याच प्रकारची चूक होते. उपचार न झालेल्या अशा गाठींचा व्यास वर्षाला सरासरी ४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, असे फ्रेंच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. दर सहा महिन्यांनी स्कॅन केला तर फरक २ मिलिमीटर, म्हणजे मोजमापाच्या चुकीत बुडून जाईल एवढा. प्रत्येक रिपोर्ट फक्त मागच्या रिपोर्टाशी तुलना करतो आणि प्रामाणिकपणे लिहितो, 'लक्षणीय बदल नाही'. असे दहा रिपोर्ट झाले की गाठ २ सेंटिमीटरने वाढलेली असते आणि एकाही रिपोर्टात वाढ लिहिलेली नसते. इथे पहिले चित्र शेजारी ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

६. चुकीच्या वाचनाची किंमत

चुकीच्या वाचनाची किंमत सर्वांत आधी रुग्ण मोजतो. पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमावर हाती असलेली औषधे दुबळी आहेत. लोमुस्टिन या जुन्या औषधाने उपचार झालेल्यांचे मध्यक आयुष्य एका मोठ्या युरोपीय चाचणीत ८.६ महिने होते. चालू असलेला चांगला उपचार आभासी वाढीपायी सोडला, तर त्याच्या जागी ठेवायला तेवढ्या ताकदीचे काही नाही.

संशोधनालाही किंमत मोजावी लागते. आभासी वाढ असलेला रुग्ण 'आजार परतला' म्हणून नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाला, तर त्याची सूज आपोआप ओसरणार असतेच. ती ओसरली की श्रेय नव्या औषधाला जाते आणि निरुपयोगी औषध आशादायक ठरते.

तिसरी किंमत आपल्या समाजात रोज मोजली जाते, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते. पहिल्या स्कॅनने धीर खचलेले कुटुंब रुग्णालय सोडून देते आणि कुठल्याशा गावी जडीबुटी देणाऱ्याकडे जाते. तीन महिन्यांनी स्कॅन केला तर कडी लहान झालेली असते. किरणांनी आणि टेमोझोलोमाइडने केलेले काम तोवर दिसू लागलेले असते, पण नाव होते काढ्याचे. तो अनुभव खरा असतो, दोन फिल्म पुरावा म्हणून हातात असतात, आणि मग पुढची दहा कुटुंबे त्या पत्त्यावर जातात. लोक अडाणी आहेत म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. पहिल्या स्कॅनपूर्वीच त्यांना कुणीतरी बसवून सांगायला हवे होते, की या वेळी गाठ मोठी दिसू शकते आणि त्याचा अर्थ लगेच लावायचा नाही. ते सांगितले गेले नाही.

७. आक्षेप

*'डॉक्टर, थांबायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं का? खरंच वाढत असेल तर?'* नातेवाइकांचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की थांबणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. टेमोझोलोमाइड चालू ठेवून चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा चित्र काढणे, असा त्याचा अर्थ आहे. रुग्णाची ताकद ढासळत असेल, शुद्ध हरपत असेल, मेंदूतला दाब वाढत असेल, तर वाट पाहायची नसते. तेव्हा स्टिरॉइड वाढवणे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करणे हाच मार्ग. किरणक्षेत्राबाहेर नवी गाठ उगवली असेल तेव्हाही संशयाला फारसा वाव नसतो.

*तुकडा तपासला की वाद मिटेल.* बहुधा मिटतो, नेहमी नाही. किरणोपचार झालेल्या जागेत मेलेले ऊतक आणि जिवंत गाठ सरमिसळ असतात. सुई कुठे पडली यावर उत्तर बदलते, आणि काही पेशी सापडल्या म्हणजे आजार वाढतो आहे असे सिद्ध होत नाही.

*नवी तंत्रे हा प्रश्न सोडवतील.* त्यांचे मोल मी मानतो. पर्फ्युजन एमआरआय त्या जागेतले रक्ताचे प्रमाण सांगतो. जिवंत गाठीत ते सहसा जास्त असते, किरणांच्या इजेत कमी. स्पेक्ट्रोस्कोपी कोलीनसारख्या रसायनांचे प्रमाण दाखवते. नेहमीचा ग्लुकोजवर आधारलेला पेट स्कॅन इथे लंगडा पडतो, कारण निरोगी मेंदूच भरपूर ग्लुकोज खातो. पण एफईटी किंवा एफ-डोपासारखी अमिनो आम्ले वापरणारा पेट पेशींच्या भुकेवर चालतो, गळतीवर अवलंबून राहत नाही. त्याच्या वाचनाचेही आंतरराष्ट्रीय निकष २०२४ मध्ये आले. मात्र पर्फ्युजनचे आकडे यंत्र आणि पद्धतीनुसार बदलतात. पेटच्या या द्रव्यांतले किरणोत्सर्गी फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून ती सायक्लोट्रॉनपासून काही तासांच्या अंतरावरच वापरता येतात. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या रुग्णाला त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार केला, तर आकारमान मोजण्यात ती माणसापेक्षा सातत्याची आहे आणि ते काम तिला खुशाल द्यावे. पण गळतीचे अचूक घनफळ काढले म्हणून गळतीचे कारण कळत नाही. ही सगळी साधने साक्षीदार वाढवतात. साक्षी जुळवण्याचे काम माणसांनाच करावे लागते.

८. आपल्याकडे करण्यासारखे

यातले पुष्कळसे यंत्र न बदलता होईल. एमआरआयच्या चिठ्ठीवर आज बहुतेकदा 'मेंदूची गाठ, फॉलोअप' एवढेच लिहिलेले असते. त्याऐवजी चार गोष्टी लिहिल्या पाहिजेत: किरणोपचार कोणत्या तारखेला संपला, कोणते औषध चालू आहे, स्टिरॉइडचा आजचा आणि मागच्या स्कॅनच्या वेळचा डोस किती, आणि रुग्णाची अवस्था सुधारते आहे की बिघडते आहे. रिपोर्ट लिहिणाऱ्याने कोणत्या तारखेच्या चित्राशी तुलना केली ते नोंदवले पाहिजे. जुनी चित्रे मिळालीच नसतील तर 'वाढ' किंवा 'घट' असे शब्द वापरू नयेत. शंका असेल तिथे शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून चित्र पाहावे. मोठ्या कर्करुग्णालयांत ही पद्धत आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ती व्हिडिओ कॉलवरही चालू शकते.

आणि घरच्यांना एक विनंती. शक्यतो प्रत्येक स्कॅन एकाच केंद्रात, एकाच यंत्रावर करा. फिल्मवर समाधान मानू नका, दर वेळी मूळ चित्रांची सीडी मागून घ्या. शस्त्रक्रियेनंतरची पहिली आणि किरणोपचारानंतरची पहिली, या दोन सीडी कुणालाही कायमच्या देऊ नका, फक्त प्रत द्या. एका वहीत तारीखवार स्टिरॉइडचा डोस लिहून ठेवा. रिपोर्टात 'वाढ' हा शब्द आला तर उपचार सोडण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: तुलना कशाशी केली, किरणोपचार संपून किती आठवडे झाले, आणि पुढचे चित्र कधी काढायचे?